स्टिअरिंग थरथरतंय? आधी टायर नीट बघ

अरे थांब, लगेच नवे टायर घ्यायला धावू नकोस. ८०-१०० च्या स्पीडलाच स्टिअरिंग थरथरतं आणि हळू चालवताना काहीच नाही, म्हणजे बहुतेक व्हील बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं असणं) गेलंय, रिमवरचं छोटं वजन पडलं तरी असं होतं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) आधी हवा चेक कर, तीही सकाळी टायर थंड असताना, आणि आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवरचा धर, टायरवर छापलेला तो कमाल प्रेशर असतो, नवीन लोक हमखास इथेच चुकतात.

मग टायरवरून हात फिरव. मधेच झिजलाय तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्यात तर कमी, एकच कड गेलीय तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन (चाकाचे धक्के झेलणारे भाग) बिघडलंय. माझी आतली कड पार गेली होती आणि बाहेरून टायर नवा दिसत होता, म्हणून सांगतो, स्टिअरिंग पूर्ण वळवून आतूनही बघ.

साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भागाला, फुगा दिसला तर मात्र त्या टायरवर हायवेला अजिबात जाऊ नकोस, आतले धागे तुटलेले असतात, तो रिपेअर होत नाही, बदलावाच लागतो.