वाचकांचे प्रश्न : सोन्याच्या वाटेवरचे द्राक्षमळे

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त आहोत. मुलगी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला राहते आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही तिच्याकडे जाणार आहोत. वाइनसाठी प्रसिद्ध पण गर्दीच्या नापा खोऱ्याऐवजी पूर्वेकडच्या डोंगरपायथ्याची ‘गोल्ड कंट्री’, म्हणजे जुन्या सोन्याच्या खाणींचा पट्टा पाहा, असे ती सुचवते. ह्यांना इतिहासाची आवड आहे आणि वाइन ते माफक घेतात. मी मुळीच घेत नाही. माझे गुडघे दुखतात. चार दिवसांत काय पाहावे?

उत्तर : मुलीचा सल्ला योग्य आहे आणि चार दिवस पुरेसेही आहेत. मात्र ‘फॉर्टीनाइनर्स’ म्हणजे १८४९ साली सोन्यासाठी आलेल्या लोकांवरून ज्याचा क्रमांक पडला, तो महामार्ग ४९ अख्खा पालथा घालण्याचा हट्ट धरू नये. तो पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि बराचसा वळणावळणांचा आहे. आम्ही नवरा-बायको पहिल्या खेपेला याच मोहात पडलो, आणि परतल्यावर कोणते गाव कोणते, हे फोटोंखालच्या तारखांवरून ठरवण्याची वेळ आली. कोलोमा ते जॅक्सन एवढाच पट्टा घ्यावा आणि सटर क्रीकसारख्या एखाद्या लहान गावात मुक्काम करून रोज एकाच दिशेला जावे.

सुरुवात कोलोमापासून करावी. २४ जानेवारी १८४८ रोजी ‘अमेरिकन’ नावाच्या नदीच्या दक्षिण फाट्यावर, जॉन सटरसाठी बांधल्या जात असलेल्या लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात, जेम्स मार्शल या सुताराला सोन्याचे कण दिसले. त्यानंतर नवव्या दिवशी झालेल्या तहाने मेक्सिकोने हा प्रदेश अमेरिकेला दिला. तह करणाऱ्यांना या सोन्याची गंधवार्ताही नव्हती. पुढच्या सातेक वर्षांत सुमारे तीन लाख माणसे इथे लोटली. मार्शल आणि सटर या दोघांच्या हाती मात्र काहीच उरले नाही. गिरणीची प्रतिकृती आणि नदीकाठ सपाटीवर आहेत, त्यामुळे गुडघ्यांना त्रास होणार नाही. टेकडीवरच्या मार्शलच्या पुतळ्यापर्यंत गाडीने जाता येते.

दुसऱ्या दिवशी प्लिमथजवळच्या शेनांडोआ खोऱ्यात जावे. सोने आणि वाइन ही पर्यटनासाठी जोडलेली दोन आकर्षणे आहेत, असा अनेकांचा समज असतो, पण हे मळे तिथे आहेत ते सोन्यामुळेच. खाणकामगारांना प्यायला हवे होते, आणि ज्या युरोपीय स्थलांतरितांच्या हाती सोने लागले नाही, त्यांच्यापैकी कित्येकांना द्राक्षे लावणे हे बाहेर चाललेल्या गर्दीबरोबर परत फिरण्यापेक्षा शहाणपणाचे वाटले. या खोऱ्यात १८५६ पासून वाइन होत आली आहे. झिनफांडेल या काळ्या द्राक्षाच्या एका मळ्याचा उल्लेख तर १८६९ च्या कागदपत्रांत सापडतो. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात बहुतेक वाइनरी बंद पडल्या, तरीही घरगुती वाइन करण्याची मुभा असल्याने द्राक्षांना थोडेफार गिऱ्हाईक राहिले आणि काही जुन्या बागा तगल्या.

तुम्ही वाइन घेत नसलात तरी या बागा पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. इथल्या जुन्या झिनफांडेलच्या वेलींना मांडव नसतो, तारही नसते. मांडीएवढे जाड, गाठाळ खोड कमरेइतके वर येते आणि तिथून फांद्या ओंजळीसारख्या चहूबाजूंनी उघडतात. एकाच घडात काही मणी हिरवे, काही टपोरे काळे आणि काही थेट बेदाण्यासारखे सुरकुतलेले दिसतात, कारण हे द्राक्ष एकसारखे पिकतच नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात तर तोडणी बघायला मिळण्याची शक्यता आहे. बागेत शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे, हे सांगायला नकोच. टेस्टिंग रूम, म्हणजे वाइन चाखण्याच्या खोल्या, साधारणपणे संध्याकाळी पाचला बंद होतात आणि अनेक ठिकाणी आठवड्याच्या मधल्या वारी उघडतच नाहीत, म्हणून हा दिवस शुक्रवार ते रविवार यांपैकी ठेवावा. दोघांत एकच चव-संच (चाखायला दिलेल्या थोड्या थोड्या वाइन) मागितला तर कोणी वाईट मानत नाही. उरलेली वाइन ओतायला काउंटरवर भांडे असते. गाडी तुम्ही चालवणार असाल तर उत्तमच. पाहुण्यांना मायदेशातील वैध परवान्यावर तिथे गाडी चालवता येते.

तिसऱ्या दिवशी जॅक्सनमधील केनेडी ही सोन्याची खाण पाहावी. ती ५,९१२ फूट खोल गेली होती. तिचा गाळ टेकडीपलीकडे चढवण्यासाठी बांधलेली ५८ फूट व्यासाची लाकडी चाके पाहिली म्हणजे शेवटच्या काळात एका तोळ्यामागे किती माती उपसावी लागत होती, याचा अंदाज येतो. शेजारच्याच अर्गोनॉट खाणीत १९२२ च्या आगीत ४७ कामगार गेले. १९४२ मध्ये युद्धकाळातील सरकारी आदेशाने सोन्याच्या खाणी थांबल्या.

चौथ्या दिवसासाठी पाइन ग्रोव्हजवळचे इंडियन ग्राइंडिंग रॉक उद्यान राखून ठेवावे. एका पसरट खडकात मिवोक या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या बायकांनी ओकची फळे कुटण्यासाठी वापरलेली १,१८५ उखळे आहेत. पाऊस पडून गेला असेल तर प्रत्येक उखळात पाणी साचलेले असते. सोन्याच्या गर्दीने या लोकांचे काय केले, हे समजल्याशिवाय ही सहल पुरी होत नाही : १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे दीड लाख मूळ रहिवासी होते, ते पंचवीस वर्षांच्या आत तीस हजारांच्या आसपास उरले.

प्रश्न : कोलोमाच्या नदीत पर्यटकांना सोने शोधता येते का? कोणाला खरेच सापडते का?

उत्तर : नेमून दिलेल्या भागातच आणि फक्त हात व परात वापरून शोधता येते. रीत आपल्या झारेकऱ्यांचीच आहे. वाळू परातीत घेऊन पाण्याखाली गोल फिरवायची. हलके ते वाहून जाते आणि पाण्याच्या एकोणीसपट जड असलेले सोने काळ्या वाळूसह तळाशी बसते. शेवटच्या चिमूटभर काळ्या वाळूशी घाई केली की सगळे मुसळ केरात. नदीचे पाणी सिएरा नेवाडा पर्वताच्या बर्फाचे असल्याने बोटे लवकर बधिर होतात, शिवाय उकिडवे बसावे लागते, तेव्हा घडीचे स्टूल बरोबर घ्यावे. सापडते, पण कणभरच. आमचा दोन तासांचा ऐवज भिंगाखालीच दिसतो.