त्यांच्या गावात आपण पाहुणे

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरे

प्रश्न : यंत्रात बसून भूतकाळात जाता येईल का? नातू रोज विचारतो.
(एक आजोबा, खानापूर)

उत्तर : पुढे जाता येतं, मागे जायची वाट अजून कुणाला सापडलेली नाही, असं त्याला सांगा. काळ सगळीकडे सारख्या चालीने चालत नाही याचा पुरावा तुमच्या खिशातच आहे. मोबाइलला रस्ता दाखवणारे जीपीएसचे उपग्रह असतात ना, त्यांच्यावरची घड्याळं वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद (म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातले ७) मागे पडतात आणि तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ पुढे जातात. म्हणजे रोज ३८ पुढे. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहाएक किलोमीटरची चूक साचेल. मागे जाण्याबद्दल म्हणाल, तर १९४९ साली कुर्ट गोडेल या गणितज्ञाने आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून तशी वाट काढून दाखवली. पण त्यासाठी अख्खं विश्व फिरतं असावं लागतं. आपलं विश्व तसं फिरताना आढळलेलं नाही.

प्रश्न : बाई, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि एक कादंबरी लिहितेय. आपल्या भागातली तिघं काळाच्या प्रवासाला निघतात आणि परग्रहावरच्या एका फार पुढारलेल्या समाजात पोचतात. ऐंशी पानं झालीत. मैत्रिणींना उडत्या गाड्या, काचेची शहरं आवडली, पण मलाच ते लोक खरे वाटत नाहीत. आपली माणसं त्यांच्याशी बोलणार कशी, हेही सुटत नाही. सध्या तिघांच्या कानात भाषांतराचं यंत्र घातलंय. काय करू?
(एक वाचक, कडोली)

उत्तर : आधी ते कानातलं यंत्र काढून टाक. तू कडोलीची आहेस. घरात 'काय करूलायस' म्हणतेस, बसमध्ये कंडक्टरशी कन्नड बोलतेस आणि प्रॅक्टिकलची वही इंग्रजीत लिहितेस. परक्या भाषेपुढे उभं राहताना पोटात काय होतं, हे तुला ठाऊक आहे. ती शिदोरी सोडून यंत्र कशाला?

माझंच सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी गोकाककडच्या एका शाळेत होते. कन्नड जेमतेम चार शब्द. एका संध्याकाळी मुख्याध्यापकांकडे चहाला बोलावलं होतं. मी कप तोंडाला लावला आणि ते हसून म्हणाले, "अवसर इल्ला, टीचर." मला वाटलं, यांना आता सवड नाही, उठायला सांगतायत. चटका बसला तरी चहा दोन घोटांत संपवला, पिशवी उचलली आणि निघाले. त्यांच्या बायको दारापर्यंत धावत आल्या, हातात माझ्यासाठी कांदापोह्यांची ताटली. दुसऱ्या दिवशी कळलं, कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई. 'घाई नाही, निवांत बसा,' असं ते म्हणत होते. शब्द माझाच होता, अक्षरंही तीच. अर्थ मात्र पार उलटा. अनोळखी शब्दापाशी माणूस थांबतो, विचारतो. ओळखीच्या शब्दानेच तो फसतो. तुझ्या तिघांना असा एक शब्द दे आणि त्यापायी त्यांच्याकडून यजमानांचा अपमान होऊ दे. तिथून ते लोक खरे वाटायला लागतील.

आता पुढारलेपण. काचेची शहरं तू कुठेतरी पाहिलीस म्हणून लिहिलीस. ती गाळली तर कादंबरीचं काहीही अडणार नाही. आधी त्यांचं आकाश ठरव, माणसं त्यातून येतील. कुंभ तारकासमूहात ट्रॅपिस्ट-१ नावाचा एक लहानसा लाल तारा आहे, आपल्यापासून सुमारे ४० प्रकाशवर्षांवर. त्याच्याभोवती ७ ग्रह आहेत, हे २०१७ साली जाहीर झालं. त्यातला चौथा ग्रह ताऱ्याभोवतीची फेरी सुमारे ६ दिवसांत पुरी करतो. त्यांच्या वर्षांत मोजलं तर आपला तिशीतला माणूस तिथे १८०० वर्षांचा होईल. शिवाय इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे असते. म्हणजे तिथे सूर्य एका जागी थांबलेला. सकाळ नाही, दिवेलागण नाही. अशा ठिकाणच्या लोकांकडे 'उद्या' हा शब्द कशाला असेल? त्यांची विद्या कितीही मोठी असो, तुझी नायिका 'उद्या भेटू' म्हणाली की ते तिच्याकडे बघत राहतील. एकमेकांना बोलवायला त्यांनी काय शोधलं असेल? भूक, झोप, कुणाची तरी हाक? यावर तू चार दिवस घाल. मला तुझ्या कादंबरीत हेच वाचायचंय.

आणि हिशेब चुकवू नकोस. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने तिकडे जाऊन परत यायचं, तर कडोलीत ८१ वर्षं उलटतील आणि प्रवाशांची मात्र साडेअकराच्या आसपास. बावीसची निघालेली नायिका चौतिशीच्या आत परतेल, आणि अठराची तिची धाकटी बहीण असलीच तर नव्व्याण्णव वर्षांची असेल. बहिणीचं प्रकरण लिहिलं नसशील तर आधी ते लिही.

भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजाची गोष्ट आहे. आपल्या मुलीसाठी, रेवतीसाठी, नवरा कोण बघावा हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गंधर्वांचं गाणं चाललं होतं, म्हणून क्षणभर थांबला. गाणं संपल्यावर मनातल्या स्थळांबद्दल विचारलं, तर ब्रह्मदेव हसले. इकडे पृथ्वीवर २७ चतुर्युगं होऊन गेली होती. ती स्थळं गेली, त्यांची मुलं-नातवंडं गेली, गोत्राचं नावसुद्धा कानावर येईना. पुढे रेवती बलरामाला दिली. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण त्या आकड्यावर थांबतात. मला मात्र परतीच्या वाटेवरची रेवती दिसते. ती काय बोलली असेल बापाशी?

परत येणं कसं लिहायचं, हे मी हिडकलला पाहिलंय. आमची आत्या हुन्नूरला दिलेली. धरण झालं आणि गाव घटप्रभेच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथलं विठ्ठलाचं देऊळ वर येतं. एका मे महिन्यात आत्या म्हणाली, मला घेऊन चल. वाळलेल्या गाळाला भेगा पडल्या होत्या, पायाखाली शिंपले कुरकुरत होते. देवळापाशी ती हात जोडून उभी राहिली. मग वळली आणि पाऊलं मोजल्यासारखी चालायला लागली. मी मागे. एका ठिकाणी, आजूबाजूला दगडसुद्धा नसताना, तिने पदर सावरला, मान खाली घातली आणि पाय थोडा उंच उचलून पुढे टाकला.

त्यांच्या घराचं दार बुटकं होतं.

पानं पूर्ण झाली की पाठव. हस्ताक्षरातली असली तरी चालतील.