व्यत्यय की व्यतिकरण?

प्रश्न (औसा, जि. लातूर): जोराचा पाऊस आला की डिश बंद पडते. एका लेखात याला 'पर्जन्य-व्यतिकरण' म्हटलंय. एकाहून जास्त भूकेंद्रं, म्हणजे उपग्रहाशी सिग्नलची देवाणघेवाण करणारी जमिनीवरची केंद्रं, वापरून ते कमी करतात, असंही. मग 'व्यत्यय' चूक का?

उत्तर: चूक 'व्यतिकरण' आहे. 'इंटरफिअरन्स' दिसला की कोशातला पहिला प्रतिशब्द चिकटवायचा, ही खोड काही जात नाही. व्यतिकरण म्हणजे दोन लहरी एकमेकींत मिसळून कुठे बळावणं, कुठे मावळणं. पावसाकडे दुसरी लहर आलीय कुठली? थेंब लहर शोषतो, इकडेतिकडे उधळतो. डिशची लहर १२ गिगाहर्ट्झच्या आसपासची, लांबी अडीच सेंटिमीटर. ३० गिगाहर्ट्झला ती एक सेंटिमीटरवर येते आणि टपोरे थेंब तिला फारच जड जातात. ४ गिगाहर्ट्झवाल्या जुन्या अगडबंब छत्र्यांना पावसाचं सोयरसुतक नसे. तर सिग्नल क्षीण होणं ते क्षीणन, आणि त्यापायी मालिका अडकते तो व्यत्यय. घरात 'डिश गेली' म्हणा, तेही चोख मराठी आहे.

पण 'व्यत्यय' काय शब्द आहे राव! हा शब्द कार्यक्रम मध्येच अडकला की पडद्यावर झळकणाऱ्या दूरदर्शनच्या 'व्यत्यय' पाटीनं रूढ केला, असं छातीठोक सांगणारे भेटतात. पाटीनं तो घराघरांत नेला असेल. जन्म तिनं नाही दिला. वि + अति + इ, 'इ' म्हणजे जाणं. मूळ अर्थ अडथळा नव्हेच, उलटापालट, अदलाबदल. पाणिनीचं सूत्रच आहे, 'व्यत्ययो बहुलम्', अष्टाध्यायी ३.१.८५: वेदांमध्ये एका प्रत्ययाच्या जागी दुसरा सर्रास येतो. क्रम उलटला की सलगपणा तुटतो, तिथून अडथळा, असं माझं मत. संस्कृतातला अर्थ मराठीत ओढू नये म्हणणाऱ्यांनी खुशाल नाकं मुरडावीत.

कारण तुमच्या लेखातला उपाय म्हणजे शुद्ध पाणिनीय व्यत्यय! वळवाचा पाऊस कसा, तर बैलाचं एक शिंग ओलं, एक कोरडं. जोरदार सरीचा गाभा काही किलोमीटरांचाच असतो. लातुरात धो धो कोसळत असेल तेव्हा वीसेक किलोमीटरवरच्या औशात ऊनही असेल. म्हणून दोन केंद्रं अशी दूर बांधायची, ऑप्टिकल फायबरनं जोडायची, आणि एकाचा सिग्नल खचला की काम दुसऱ्याकडे. एकाच्या जागी दुसरं, बहुलम्! झड मात्र दोन्हीकडे एकदमच लागते, पण तिचा जोर कमी, त्यामुळे क्षीणनही कमी. घात करतो तो वळीव.

हां, हे सगळं कंपनीच्या प्रक्षेपण केंद्रापुरतं. तुमच्या पत्र्यावरची छत्री एकटीच. तिथे सर ओसरेपर्यंत थांबायचं. आणि 'व्यत्त्यय' लिहू नका, एकच त.