ग्रुपवरचं ‘ओके’ नेमकं कुणाचं?

प्रिय,

ज्या जाहिरात एजन्सीसाठी तू घरून सोशल मीडियाचं काम करतेस, ती सोडू की राहू, असं तू विचारलं आहेस. त्याकडे शेवटी येऊ. आधी ‘ते लोक मुद्दाम छळतात’ या तुझ्या वाक्याकडे बघू. मुद्दाम असं फारसं कुणी करत नाही. एजन्सीत माणसं आठ-दहा, क्लायंट वीस, अकाउंट मॅनेजर (म्हणजे क्लायंट आणि तुझ्यातला दुवा) दर काही महिन्यांनी बदलणारा, आणि कशाला कुणी होकार दिला याची नोंद कुठेच नाही. ऑफिसात बसणाऱ्याला निदान मान वळवून विचारता येतं; घरून काम करणाऱ्याच्या वाट्याला तेवढंही येत नाही. एजन्सी सुधारायच्या भानगडीत पडू नकोस. आपल्या कामापुरती नोंद तू ठेव.

सुरुवात फोनपासून. फोनवर काम सांगितलं गेलं की दहा मिनिटांत ईमेल जायला हवा. मजकूर साधारण असा: “आत्ताच्या बोलण्याप्रमाणे तीन रील. पहिला मसुदा गुरुवारी संध्याकाळी ६ पर्यंत. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. क्लायंटकडचे फोटो बुधवारी दुपारी १२ पर्यंत मिळतील असं धरलं आहे. उशीर झाला तर मसुदाही तितकाच पुढे जाईल. काही चुकलं असेल तर आज कळवा.” यातलं फोटोंचं वाक्य कधी गाळू नकोस. कामं रखडतात ती बहुतेक वेळा समोरून साहित्य न आल्यामुळे, पण आठवड्याने सगळ्यांना आठवतं ते एवढंच, की रील तुझ्याकडून आलं नाही.

मग व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे नऊ जण असतात. दुपारी कुणी ‘मस्त’ लिहितो, तू काम संपलं म्हणून मोकळी होतेस, आणि रात्री अकराला क्लायंटकडचे मालक लोगो मोठा करायला सांगतात. म्हणून काम घेतानाच लेखी विचार: अंतिम होकार कुणाचा? एकच नाव हवं. बाकीच्यांच्या सूचना अकाउंट मॅनेजरने गोळा करून एकदम पाठवायच्या, तीच एक फेरी. रंग, फोटो, एखादी ओळ बदलणं ही दुरुस्ती. मंजूर झालेली कल्पनाच बदलणं हे नवं काम, त्याचे पैसे वेगळे. हा फरक उदाहरणांसकट दरपत्रकातच लिही, कारण एजन्सीच्या विक्रीवाल्याने क्लायंटला ‘हवे तितके बदल’ असं आधीच सांगून टाकलेलं असतं आणि त्याचा भार तुझ्या खांद्यावर येतो. फाइलच्या नावात क्लायंट, काम, आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख घाल. ‘फायनल’ हा शब्द नको. त्याच्यामागून ‘फायनल नवीन’ येतंच.

सणवारांचं काम हा आपल्याकडचा खास गोंधळ. शुभेच्छांची पोस्ट आदल्या रात्री साडेनऊला आठवते. दर महिन्याच्या २० तारखेला पुढच्या महिन्याचे दिनविशेष तूच पाठव आणि कोणते हवेत त्यावर खूण करून माग. एप्रिलच्या यादीत ११ ला महात्मा फुले जयंती, १४ ला आंबेडकर जयंती, लगेच १ मे. फेब्रुवारीत १९ ला शिवजयंती आणि २७ ला मराठी भाषा गौरव दिन. शिवजयंती काही जण तिथीने करतात. क्लायंटची कोणती, हे आधीच विचार, नाहीतर पोस्ट चुकीच्या दिवशी जाईल आणि बोलणी तू खाशील. २४ तासांच्या आतलं काम दीडपट दराने, हेही दरपत्रकात असू दे.

तांत्रिक गोष्टी थोडक्यात. रील १०८० × १९२० पिक्सेल, उभी पोस्ट १०८० × १३५०. बिझनेस खात्यांना इन्स्टाग्रामवरची सगळी गाणी वापरता येत नाहीत. चित्रपटातलं गाणं बाहेरून चिकटवलं तर आवाज बंद होऊ शकतो, म्हणून व्यावसायिक वापराला मोकळं असलेलंच संगीत घे. पासवर्ड ग्रुपवर मागू नकोस. मेटा बिझनेसमधून (फेसबुक-इन्स्टाग्रामची व्यावसायिक खाती सांभाळायची सोय) तुझ्या स्वतःच्या आयडीला अधिकार द्यायला सांग. नाहीतर ओटीपी नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या फोनवर जातो आणि काम ठप्प. जाहिरातींचा खर्च तुझ्या कार्डावर एक रुपयाचाही नको, ‘उद्या परत देतो’ म्हटलं तरी.

आता पैसे. ‘क्लायंटकडून आले की देतो’ हे वाक्य करारात येऊ देऊ नकोस. तुझा व्यवहार एजन्सीशी आहे, त्यांच्या क्लायंटशी नाही. पहिल्या महिन्याचे निम्मे आगाऊ, त्यानंतर दर पंधरवड्याला बिल. बिलावर क्रमांक, तारीख, पॅन, कामांची यादी, प्रत्येक कामापुढे होकाराच्या ईमेलची तारीख आणि पैसे द्यायची शेवटची तारीख. ते अकाउंट मॅनेजरबरोबर हिशेब बघणाऱ्यालाही पाठव. नुसतं मॅनेजरकडे गेलेलं बिल त्याच्या इनबॉक्समध्येच राहतं.

‘जीएसटी नंबर नाही तर बिल चालणार नाही’ असं सांगतील. महाराष्ट्रात फक्त सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचाही नाही.

टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराचं, गणित नीट समजून घे. व्यावसायिक शुल्क म्हणून एका एजन्सीकडून वर्षात ५०,००० रुपयांपुढे रक्कम गेली की १० टक्के कापले जातात. ६०,००० वर ६,००० कापून ५४,००० हातात येतील. पॅन दिला नाहीस तर कपात २० टक्के. खरी गोम पुढे आहे: ढिसाळ एजन्सी पैसे कापते, पण सरकारकडे भरत नाही, किंवा भरते आणि त्या कपातीचं विवरणपत्र दाखल करायला विसरते. म्हणून ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि जून, या चार महिन्यांच्या मध्यावर आयकर पोर्टलवर आपल्या नावावरची जमा तपास. दिसली नाही तर तेव्हाच लिही. पुढे रिटर्न भरताना फार उशीर झालेला असतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आजच कर. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. दीड-दोन हजार मागणाऱ्या एजंटांच्या संकेतस्थळांवर जाऊ नकोस. नोंदणीचा क्रमांक बिलावर छाप. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. पुढे रिझर्व्ह बँक ठरवते त्या ‘बँक रेट’ नावाच्या व्याजदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. मात्र नोंदणीआधी केलेल्या कामाला हे संरक्षण मिळेल असं धरू नकोस. आणखी एक: मुदत उलटून ३१ मार्चला थकलेलं बिल एजन्सीला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यांच्या सीएला हे पक्कं माहीत असतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या स्मरणपत्राची एक प्रत त्यालाही जाऊ दे. धमकीचा सूर नको, उद्यम क्रमांक आणि बिलाची तारीख पुरे.

लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट नोकरी करत नसलेल्या लेखकाकडे असतो आणि तो लेखी सही करूनच दुसऱ्याला देता येतो. करारात एक ओळ घाल: ‘पूर्ण मोबदला मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील.’ फोटो आणि व्हिडिओला हा नियम वेगळा आहे. पैसे देऊन करवून घेतलेल्या कामात वेगळा करार नसेल तर हक्क करवून घेणाऱ्याकडे जातो. तिथे मूळ फाइली हाच तुझा आधार. मंजुरीसाठी वॉटरमार्क असलेली प्रत पाठव, स्वच्छ आणि एडिट होणारी प्रत पैसे आल्यावर.

राहू की सोडू, त्याचं उत्तर आकड्यात आहे. एका वेळी जास्तीत जास्त महिन्याभराच्या कामाचे पैसे अडकलेले चालतील. पंधरवड्याची दोन बिलं बाकी राहिली की तिसऱ्या पंधरवड्याचं काम सुरूच करायचं नाही. ‘याआधीच्या बिलांचा निपटारा झाला की लगेच सुरू करते’ एवढं लिहायचं आणि गप्प बसायचं. पैसे आले तर रहा. दुसऱ्यांदा तेच झालं तर १५ दिवसांची सूचना ईमेलने दे, सोबत सुरू असलेल्या कामांची स्थिती. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट एक्सपोर्ट कर, सगळ्या खात्यांवरचे आपले अधिकार स्वतः काढून टाक आणि तसं कळव, म्हणजे नंतर एखादी भलती पोस्ट गेली तर बोट तुझ्याकडे वळणार नाही. केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी संबंध गोड असतानाच लेखी मागून ठेव. आणि त्यांचा क्लायंट तुला थेट काम देऊ लागला, तर होकार देण्याआधी करारातली त्याबद्दलची ओळ काढून वाच. ती बहुधा शेवटच्या पानावर असते.

सस्नेह.