बेटो ओरूर्क टेक्सासमध्ये राज्यव्यापी निवडणूक का जिंकू शकत नाहीत?

डेमोक्रॅटिक पक्षाचे हे नेते मेहनतीत कमी पडले, असं मला अजिबात वाटत नाही. २०१८ च्या सिनेट निवडणुकीत त्यांनी टेक्सासच्या सगळ्या २५४ काउंट्या (म्हणजे जिल्हे) पालथ्या घातल्या. रिपब्लिकन टेड क्रूझ यांच्याकडून ते हरले, पण फरक तीन टक्क्यांपेक्षाही कमी होता. फोर्ट वर्थची टॅरंट काउंटी, रिपब्लिकनांचा जुना गड, तीही त्यांनी घेतली. २०२२ मध्ये गव्हर्नरपदासाठी उभे राहिले तेव्हा तीच काउंटी रिपब्लिकन ग्रेग ॲबट यांच्याकडे गेली आणि राज्यभरातला फरक ११ टक्क्यांच्या घरात पोचला.

मधल्या काळात घडलं ते महत्त्वाचं. ऑगस्ट २०१९ मध्ये ओरूर्क यांच्याच एल पासो शहरात वॉलमार्टच्या दुकानात गोळीबार झाला, २३ माणसं गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी झालेल्या वादचर्चेत त्यांनी एआर-१५ रायफली लोकांकडून काढून घेऊ, असं ठणकावून सांगितलं. ते पोटतिडकीने बोलले, मला ते पटतंही. पण अनेक घरांत बंदूक असलेल्या राज्यात ते वाक्य विरोधकांच्या हाती कोलीतच ठरलं.

शिवाय १९९४ नंतर तिथे एकही डेमोक्रॅट राज्यव्यापी निवडणूक जिंकलेला नाही. शहरांत मिळवलेली आघाडी ग्रामीण भाग पुसून टाकतो. उमेदवार बदलला तरी हे गणित तसंच राहतं.