दिवाडीला ई-सायकलवर पहिल्यांदा जाताय?

ताई, सायकल सुटून वीस वर्षं झाली म्हणून दिवाडी बेटाची सहल रद्द करू नका. सोबत गाईड असतो, वेग अगदी सावकाश असतो.

जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं मांडवी ओलांडायची. बोटीत चढता-उतरताना मोटर बंद ठेवा आणि सायकल हातानं ढकला. उतार ओला असतो, आणि मोटर चालू असेल तर पायडलवर नुसता पाय टेकला तरी सायकल पुढे झेपावते. नवशिक्यांचा गोंधळ इथंच होतो. म्हणून एक पाय जमिनीवर, ब्रेक दाबलेला, मगच दुसरा पाय पायडलवर.

खाजन शेतांमधला (नदीकाठी बांध घालून खारं पाणी अडवलेल्या शेतांमधला) रस्ता सपाट आहे, तिथं मोटरची सगळ्यात कमी मदत पुरते. पियेदादच्या चर्चची चढण मात्र खडी. गिअर चढणीआधीच हलका करा, मध्येच बदललात तर साखळी कडकडते.

आणि सप्तकोटेश्वराच्या मूळ जागेपाशी घाई करू नका, माझी फार आवडती जागा आहे ती. पोर्तुगीजांनी देऊळ मोडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला; तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला.

सकाळचीच फेरी घ्या. पाणी भरपूर ठेवा.