नवीन लॅपटॉपमध्ये कोणते सॉफ्टवेअर आधीच भरून द्यायचे, हे नेमके कोण ठरवते?

आपण विचारले आहे की, नुकत्याच घेतलेल्या लॅपटॉपमध्ये तीस दिवसांचा अँटिव्हायरस, दोन-तीन खेळ, खरेदीच्या एका संकेतस्थळाचे चिन्ह आणि कंपनीचे स्वतःचे चार-पाच प्रोग्रॅम आधीपासूनच का आहेत, आपण मागितलेले नसताना ते कोणी ठरवले आणि ते काढून टाकले तर काही बिघडेल का. सांगलीत गेली बावीस वर्षे माझा संगणक विक्रीचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय आहे. हा प्रश्न मला फार थोड्या गिऱ्हाइकांनी विचारला आहे, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

हे ठरवण्यात तिघांचा हात असतो: लॅपटॉप बनवणारी कंपनी, ऑपरेटिंग सिस्टिम (म्हणजे विंडोजसारखी संगणक चालवणारी मूळ प्रणाली) पुरवणारी कंपनी, आणि आपला प्रोग्रॅम त्या यंत्रावर जावा म्हणून पैसे मोजणारी तिसरी कंपनी. ज्याच्या पैशातून लॅपटॉप विकत घेतला जातो तो माणूस या बोलण्यांत कुठेच नसतो. प्रत्येक मॉडेलसाठी, आणि बहुधा प्रत्येक देशासाठी वेगळी, अशी डिस्कची एक मूळ प्रत तयार केली जाते. तिला आमच्या धंद्यात 'इमेज' म्हणतात, आणि कारखान्यात ती त्या मॉडेलच्या हजारो यंत्रांवर जशीच्या तशी उतरवली जाते. तिचीच आणखी एक प्रत पुष्कळदा डिस्कच्या राखीव भागात ठेवलेली असते, म्हणून लॅपटॉप 'रीसेट' केल्यावर काढून टाकलेले प्रोग्रॅम अनेकदा पुन्हा हजर होतात.

यामागचे अर्थकारण साधे आहे. घरगुती वापराच्या स्वस्त लॅपटॉपवर कंपनीला फार थोडे सुटतात. अशा वेळी अँटिव्हायरस कंपनी दर यंत्रामागे काही रक्कम देत असेल, किंवा पुढे गिऱ्हाइकाने वर्गणी भरली तर त्यातला वाटा देत असेल, तर ते उत्पन्न सोडणे तिला परवडत नाही. 2008 च्या मार्चमध्ये सोनीने व्हायोच्या काही लॅपटॉपसाठी 'फ्रेश स्टार्ट' नावाचा पर्याय अमेरिकेत ठेवला होता. त्यात असले प्रोग्रॅम न भरता यंत्र मिळणार होते, पण त्यासाठी 49.99 डॉलर वेगळे मोजायचे होते. टीका इतकी झाली की कंपनीने ते शुल्क लगेच मागे घेतले. मला मात्र त्या आकड्याचे महत्त्व आजही वाटते, कारण कोऱ्या डेस्कटॉपलाही किंमत असते हे त्या दिवशी दरपत्रकावर छापून आले.

ती किंमत शेवटी कोण भरते, हे मी दुकानात पाहतो. एक निवृत्त शिक्षिका लॅपटॉप घेऊन गेल्यावर साधारण महिन्याभराने परत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा लॅपटॉप पैसे मागायला लागलाय. नाही भरले तर बंद पडेल असं म्हणतोय." पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल रंगाची चौकट येत होती आणि 'तुमचे संरक्षण संपले आहे' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर तिच्यात होता. बाईंनी त्याआधीच पेन्शनच्या पैशांतून वर्षाची वर्गणी भरून टाकली होती. विंडोजमध्ये 2012 सालच्या आठव्या आवृत्तीपासून 'डिफेंडर' हा स्वतःचा अँटिव्हायरस असतो आणि दुसरा काढून टाकला की तो आपोआप सुरू होतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. विक्री माझ्याच दुकानातली असल्याने ते सांगण्याची जबाबदारी माझी होती, आणि तेव्हापासून प्रत्येक लॅपटॉप देताना मी ते आवर्जून सांगतो. बाईंची समजूत अशी होती की, खोक्यातून जे निघाले ते सगळे लॅपटॉपचाच भाग आहे. बहुतेक माणसांची समजूत हीच असते, आणि ती जागा विकत घेण्यासाठी कंपन्या पैसे मोजतात त्याचे कारणही हेच. यंत्र पहिल्यांदा सुरू केल्यावर समोर जे दिसते तेच बहुसंख्य लोक वर्षानुवर्षे वापरत राहतात.

या जागेसाठी झालेली सर्वांत मोठी लढाई अमेरिकेतली आहे. मायक्रोसॉफ्ट एके काळी संगणक कंपन्यांशी 'दर प्रोसेसरमागे' पैसे घेण्याचे करार करत असे. कंपनीने विशिष्ट प्रोसेसरचे जितके संगणक विकले तितक्यांचे पैसे द्यायचे, मग त्यांतल्या एखाद्यावर मायक्रोसॉफ्टची सिस्टिम असो वा नसो. अशा करारानंतर दुसऱ्या कोणाची सिस्टिम भरून द्यायची म्हणजे दोनदा पैसे मोजणे आले, त्यामुळे ते कोणी फारसे करत नसे. 1994 साली अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीत ही पद्धत बंद झाली, पण विंडोजच्या परवान्याचे वजन तसेच राहिले. 1996 मध्ये कॉम्पॅक या संगणक कंपनीने आपल्या प्रेसारिओ संगणकांच्या डेस्कटॉपवरून इंटरनेट एक्सप्लोरर या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरचे चिन्ह काढले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने विंडोज 95 चा परवानाच रद्द करण्याची नोटीस दिली. विंडोजशिवाय कॉम्पॅकचा माल खपणारच नव्हता, आणि चिन्ह परत आले. आयबीएमने विंडोजला टक्कर देणारी स्वतःची ओएस/2 ही सिस्टिम आणि स्मार्टसूट हे ऑफिस सॉफ्टवेअर मागे घेण्यास नकार दिला होता. तिला विंडोज 95 चा परवाना 24 ऑगस्ट 1995 रोजी, म्हणजे त्या सिस्टिमच्या प्रकाशनाच्या दिवशीच, समारंभाला पंधरा मिनिटे उरलेली असताना मिळाला. हे सगळे अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टविरुद्ध चालवलेल्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर 1999 मध्ये दिलेल्या निष्कर्षांत नोंदलेले आहे. संगणक पहिल्यांदा सुरू होताना कंपन्यांनी स्वतःचे पडदे दाखवायचे नाहीत, या मायक्रोसॉफ्टच्या अटीमुळे गोंधळलेल्या ग्राहकांचे मदतीसाठी येणारे फोन आणि परत येणारी यंत्रे वाढली, अशी एचपीची तक्रारही त्यात आहे. दुसरा पुरवठादार असता तर आम्ही तुमच्याकडे आलोच नसतो, अशा आशयाचे पत्र एचपीने लिहिले होते. इतक्या मोठ्या कंपनीला असे लिहावे लागते, यावरून बोलण्यांत कोणाचे पारडे जड होते हे कळते.

बी नावाच्या कंपनीने बनवलेल्या बीओएस या सिस्टिमची गोष्ट मला याहून जास्त मनाला लागते. हिताची कंपनीने जपानमध्ये फ्लोरा प्रियस हा संगणक विंडोज आणि बीओएस अशा दोन्ही सिस्टिम भरून विकला, पण सुरू करताना बीओएस निवडण्याची सोय लपवलेली होती. डिस्कवर ती सिस्टिम होती, पैसे देऊन यंत्र घेतलेल्या माणसाला मात्र ती सूचना वाचून खटपट केल्याशिवाय दिसत नव्हती. याला मायक्रोसॉफ्ट जबाबदार आहे असे म्हणत बी कंपनीने पुढे तिच्यावर दावा लावला आणि 2003 मध्ये 2 कोटी 32 लाख 50 हजार डॉलरवर तो मिटला, पण तोवर कंपनीच गुंडाळली गेली होती.

आपला प्रश्न प्रामुख्याने तिसऱ्या पक्षाबद्दल, म्हणजे पैसे देऊन आत शिरणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्यातला धोका समजून घ्यायचा तर लेनोवोचे सुपरफिश प्रकरण पाहावे लागते. 2014 च्या उत्तरार्धात लेनोवोने घरगुती वापराच्या काही लाख लॅपटॉपमध्ये हा प्रोग्रॅम भरला. खरेदीच्या पानांवर जाहिराती घुसडणे हे त्याचे काम. सुरक्षित पानांवरही जाहिरात घालता यावी म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे इतर संकेतस्थळे खरी असल्याची ग्वाही देणारे प्रमाणपत्र, बसवले होते. आपण बँकेचे पान उघडतो तेव्हा ब्राउझर बँकेचे प्रमाणपत्र तपासून कुलपाचे चिन्ह दाखवतो. या लॅपटॉपवर कुलूप दिसत होतेच, पण त्याच्यावर क्लिक करून पाहिले तर प्रमाणपत्र देणारा म्हणून सुपरफिशचे नाव होते. म्हणजे बँक आणि ग्राहक यांच्या मध्ये एक जाहिरातवाला बसला होता. त्याहून वाईट असे की, सर्व लॅपटॉपवर एकच गुप्त किल्ली होती आणि तिचा पासवर्ड रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षातज्ज्ञाने काही तासांत शोधून काढला. तो होता 'कोमोडिया', म्हणजे तो भाग पुरवणाऱ्या कंपनीचेच नाव. ती किल्ली हाती असलेल्या कोणालाही सार्वजनिक वाय-फायवर खोटे बँकेचे पान खरे म्हणून दाखवता आले असते. फेब्रुवारी 2015 मध्ये हे उघड झाले. 2017 मध्ये लेनोवोने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी आणि 32 राज्यांशी तडजोड करून राज्यांना 35 लाख डॉलर दिले. या व्यवहारातून मिळणारे उत्पन्न आपल्या दृष्टीने किरकोळ होते, असे कंपनीने स्वतः सांगितले होते, आणि मला तेच सर्वांत खटकते. किरकोळ उत्पन्नासाठी कोणीतरी ही संमती दिली, आणि त्यात काय आहे हे पुरेसे तपासले गेले नाही. कचेऱ्यांना विकल्या जाणाऱ्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये सुपरफिश नव्हते, हेही ध्यानात घ्यावे, कारण शेकडो यंत्रे एकदम घेणाऱ्या ग्राहकाला बोलण्यांत जागा मिळते आणि एकट्या माणसाला मिळत नाही.

काय भरले याइतकेच काय भरले नाही हेही पाहायला हवे, आणि ते आपल्या भाषेच्या बाबतीत मी अनुभवले आहे. 2004 च्या सुमारास मी एका वाचनालयाला विंडोज एक्सपीचे दोन संगणक दिले. त्यांत अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती होती, इंटरनेट जोडणीच्या जाहिरातीही होत्या, पण ग्रंथपालांनी मराठी पान उघडले तर सगळीकडे चौकोन दिसले. कुठूनसा एक युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेताचा) फॉन्ट आणून टाकला, तर 'शिक्षण' या शब्दातली वेलांटी 'श'च्या पलीकडे जाऊन बसली आणि 'क्ष' तुटून 'क', हलंत आणि 'ष' असे वेगवेगळे दिसू लागले. देवनागरी नीट दाखवणारा भाग एक्सपीत वेगळा चालू करावा लागे आणि तो विंडोजची सीडी मागे. कंपनीने खोक्यात सीडी दिलेलीच नव्हती. भारतात विकायच्या यंत्रावर भारतीय लिप्या चालू करून द्याव्यात, यासाठी ती इमेज तयार करताना एका पर्यायापुढे खूण करण्याची गरज होती, पण त्या खुणेसाठी पैसे देणारा कोणी नव्हता. पुढे व्हिस्टापासून ही सोय मुळातच चालू येऊ लागली. तोवर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला कितीतरी मराठी मजकूर आजही शोधता येत नाही, आणि त्या पाच-सहा वर्षांचा त्यात मोठा वाटा आहे असे माझे मत आहे.

मग यंत्र कोरेच विकावे का? भारतात 'डॉस' लॅपटॉप म्हणून विंडोजशिवाय यंत्रे विकली जातात आणि ती काही हजारांनी स्वस्त पडतात. पण ती घेणारे बहुतेक जण बाहेर पडता पडताच विचारतात, "विंडोज टाकून मिळेल ना?" आणि कोणीतरी त्यांना अपडेट बंद केलेली चोरीची प्रत टाकून देतो. सर्वसामान्य माणसाला सुरू करताच चालणारे यंत्र हवे असते आणि ते त्याला मिळायला हवे. डेलने ग्राहकांच्या मागणीवरून मे 2007 मध्ये अमेरिकेत उबंटू ही मोफत मिळणारी सिस्टिम भरलेले संगणक विकायला सुरुवात केली, हे उदाहरण मला योग्य वाटते: सिस्टिम भरलेलीच, पण निवड घेणाऱ्याची.

कायद्याची मदत अर्धवट आहे. फ्रान्समधील एका ग्राहकाने विंडोजशिवाय लॅपटॉप हवा म्हणून सोनीविरुद्ध लढा दिला, तेव्हा युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये सांगितले की, सॉफ्टवेअर भरलेला संगणक विकणे ही स्वतःहून अनुचित प्रथा ठरत नाही. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइड फोनच्या बाबतीत गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. फोन कंपन्यांवर गूगलची सगळी ॲप एकगठ्ठा भरण्याची सक्ती करू नये, असा आदेशही दिला. अपिलात दंड आणि हा आदेश दोन्ही टिकले, पण आधीच भरलेली ॲप वापरणाऱ्याला काढता यावीत हा निर्देश मात्र रद्द झाला.

आता आपल्या लॅपटॉपबद्दल. खेळ, खरेदीचे चिन्ह आणि मुदतीचा अँटिव्हायरस निर्धास्तपणे काढा. कंपनीच्या प्रोग्रॅमपैकी बायोस (यंत्र सुरू करणारा, मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) आणि ड्रायव्हर (यंत्राचे वेगवेगळे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) अद्ययावत करणारा ठेवा, आणि कीबोर्डवरील प्रकाश किंवा आवाजाच्या बटणांसाठी असलेला काढण्यापूर्वी एकदा तपासून पाहा. पूर्ण कोरी सुरुवात हवी असेल, तर फायलींची प्रत काढून घ्या, मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवा आणि नव्याने बसवा. परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच साठवलेली असल्याने ती टाइप करावी लागत नाही. एवढे करूनही कंपनीचा एखादा प्रोग्रॅम पुन्हा उगवलाच तर घाबरू नका. विंडोज 8 पासून निर्मात्याला बायोसमधूनच प्रोग्रॅम बसवण्याची सोय आहे. 2015 मध्ये लेनोवोच्या काही यंत्रांत ती अशीच वापरल्याचे आढळले आणि कंपनीला बायोस बदलून तो काढावा लागला, म्हणून आपल्या मॉडेलचा नवीन बायोस आला आहे का ते पाहावे. आणि हे सगळे सुरू करण्याआधी आपल्या मॉडेलचा वाय-फाय ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, कारण विंडोज 11 च्या होम आवृत्तीचा सेटअप इंटरनेट मागतो आणि ड्रायव्हर नसेल तर तो त्याच पडद्यावर अडून बसतो.